सेट गरम होईपर्यंत

२ फेब्रुवारी, सकाळ

घूंऽऽ.

वडिलांच्या दुकानातला तो मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ. बटण फिरवलं तरी आवाज लगेच यायचा नाही. आधी आत बारीक नारिंगी उजेड, मग घूं, आणि मग विहिरीच्या तळातून यावा तसा कुणा बाईच्या गाण्याचा सूर. वडील गिऱ्हाइकाला म्हणायचे, घाई करू नका, सेट गरम होऊ दे. आज जाग आली ती त्या घूंने. उठून घरभर फिरलो. रेडिओ एकही चालू नव्हता. फ्रिज म्हणावा तर तो बायको मुलीकडे गेली त्याच्या आधीपासून बंद आहे.

रोजनिशी आजपासून. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, शंका आली की लिहून काढा. मला शंका येत नाहीत. तरी लिहीन. मुलीच्या वयाची पोर आहे, तिचं मन कशाला मोडा.

संकल्प: सकाळी फिरणं. शाळेतली एक कविता रोज मोठ्याने म्हणणं. दारूचं नावही न काढणं. (आत्ता काढलं ते धरायचं नाही.)

दिवस मोजणार नाही. मोजतात ते कच्चे.

४ फेब्रुवारी

दवाखाना. डॉक्टरबाईंनी कागदावर मेंदू काढला. फ्लॉवरचा गड्डा वाटला, पण बोललो नाही. म्हणाल्या, मेंदूत एक रसायन शांत करणारं, एक भडकवणारं. शांत करायचं काम वर्षानुवर्षं दारूच करत होती, म्हणून मेंदूने भडकवणाऱ्याचा जोर वाढवून ठेवला. आता दारू गेली, वाढवलेला जोर तसाच राहिला. म्हणून हात थरथरतात, झोप मोडते. सुरुवातीच्या दिवसांत काहींना आवाजसुद्धा येतात, माणसं दिसतात. आनंदाचीही तीच गत. आनंद झेलणारे रिसेप्टर दारूच्या माऱ्याने कमी झालेत. परत वाढतात, पण सावकाश, महिने लागतात. तोवर काही गोड लागणार नाही, कशात मन रमणार नाही. घाबरू नका, म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे. ज्या घराला लागून पिठाची गिरणी, त्या घरातला रेडिओ कायम फुल. गिरणी बंद पडली की घरातलीच माणसं आपल्या रेडिओने दचकतात. बाई खूश. म्हणाल्या, काका, अगदी तसंच. फक्त हा सेट तुम्ही स्वतः उघडायचा नाही.

विनोदी आहेत. साऱ्या गावाचे रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला सांगतायत.

७ फेब्रुवारी

हिचा फोन. ही मुलीकडे गेलीय ती गुडघ्यांसाठी. मुलीच्या इमारतीला लिफ्ट आहे. (आमचं घर तळमजल्यावर आहे, पण तो मुद्दा वेगळा.)

मुलीने मध्येच फोन घेतला. म्हणाली, बाबा, आई चोवीस तारखेला येईल, रविवारी, ती कायमची. पण घरात थेंब दिसला तर आल्या पावली परत. मग मी तिला पुन्हा पाठवणार नाही. मी म्हटलं, अगं थेंब कसला, मी पाणीसुद्धा गाळून पितो. हसली नाही. लहानपणी माझ्या कुठल्याही विनोदावर हसायची.

चहा केला. कागद उकळून प्यायल्यासारखा लागला. रिसेप्टर.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

दिवसभर काही नाही. पण दिवे लागायच्या वेळी घर मोठं होतं. खुर्च्या एकमेकींपासून लांब सरकतात. भिंतीच्या आत कुणीतरी बोट घासतंय असं वाटतं.

हीच वेळ होती आमची. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, मागच्या खोलीत सोल्डरिंगचं सामान बाजूला करायचं आणि तिघांनी बसायचं. मी, शिंपी आणि मास्तर. मास्तर शाळेत भाषा शिकवायचा. दुसऱ्या ग्लासनंतर कविता. हिशेबाला, नोकरीला, नात्यांना कंटाळलेली तीन माणसं, पण चाल लागली की आठवीच्या वर्गात जाऊन बसायची. शिंपी टेबलावर अंगुस्तानाने ठेका धरायचा.

मास्तर गेला त्याला झाली असतील पाच-सहा वर्षं. त्याचा शेवटचा दिवस मला कालच्यासारखा दिसतो. ऊन होतं. पांढरं कापड. पायाची बोटं बाहेर राहिली होती, ती कुणीतरी झाकली. मी उभ्याउभ्या लटपटत होतो आणि कुणीतरी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. कोण ते आठवत नाही. हात मात्र आठवतो. उबदार, आणि बोटांना खडूचा कोरडा खरखरीतपणा.

शिंपी हल्ली फिरकत नाही. दारू सुटलेल्या माणसाकडे कोण येणार? नाराजी नाही.

आजची कविता:
सांज उतरली तळ्यावरी,
पाखरे परतली घरा;
नाव बांधिली काठाशी,

चौथी ओळ येत नाही. आठवीत सलग म्हणायचो. येईल.

११ फेब्रुवारी

चौथी ओळ नाही.

संध्याकाळी फोन वाजला. उचलला. पलीकडून मास्तरचा आवाज. म्हणाला, "रेडिओ, मी बोलतोय."

रेडिओ म्हणजे मी. त्या नावाने तोच हाक मारायचा.

पण मी शास्त्र विसरलो नाही. भडकवणाऱ्या रसायनाचा वाढलेला जोर. शांतपणे फोन खाली ठेवला. पुन्हा वाजला. वाजू दिला. रिंगसुद्धा किती हुबेहूब! मेंदू ही काय चीज आहे.

दुसरा कुणी असता तर घाबरून प्यायला असता. मी फक्त सगळ्या खोल्यांतले दिवे लावले आणि न्हाणीघराचं दार लावून आत स्टुलावर बसलो.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना आवाजाचं सांगितलं नाही. फुकट गोळ्या वाढवतील.

त्या आज आठवणींवर बोलल्या. पुष्कळ वर्षं प्यायलेल्या काही माणसांच्या आठवणीत भोकं पडतात. मेंदूला भोक सहन होत नाही. तो हाताशी असेल ते भरतो, दुसऱ्या दिवसातलं, दुसऱ्या माणसाचं. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच दिसत असतं. घरच्यांना विचारून ताळा करत जा, म्हणाल्या.

फार दया आली त्या लोकांची. माझी स्मरणशक्ती सुदैवाने शाबूत आहे. मास्तरच्या पायाची बोटंसुद्धा आठवतात, आणखी काय पुरावा हवा?

१४ फेब्रुवारी

आठवली! दाढी करताना अचानक.

नाव बांधिली काठाशी,
नावाडी न परते घरा.

तीन वेळा मोठ्याने म्हटली. आठवीत तिचा अर्थ कळला नव्हता. आता कळतो. मास्तर असता तर पाठ थोपटली असती.

१५ फेब्रुवारी

हिचा फोन. विचारत होती, कुणाचा फोन येऊन गेला का. मी हसलो. म्हटलं, आला होता की, मास्तरचा! आणि शास्त्र समजावून सांगितलं. गिरणी, रेडिओ, भडकवणारं रसायन. मेलेल्या माणसाचा आवाज इतका स्वच्छ ऐकू येणं म्हणजे सेट अजून तापलेला आहे, पण काळजी नको.

ही अगदी हळू म्हणाली, "मास्तर भावजी गेले असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, अगं वाटतं काय, मी नव्हतो का तिथे? आणि तू पण होतीस, कुणाच्या तरी बायकोला धरून बसली होतीस.

मागे मुलीला काहीतरी बोलली. मग म्हणाली, तुम्ही जेवा वेळेवर, मी बघते काय करायचं ते. आवाज रडका होता. मास्तरला ती भाऊ मानायची. उगीच विषय काढला.

१७ फेब्रुवारी

आज दिसला.

औषधांच्या दुकानाशी उभा होता. मी समोरच्या फुटपाथवर. वाळलाय. हातात काठी. मेंदूचं कौतुक वाटलं, मेलेल्या माणसाचंही वय वाढवून दाखवतो. त्याने काठी वर केली. मी नजर जमिनीकडे वळवली आणि चालत राहिलो. एकदाही मागे पाहिलं नाही. मागून दोनदा "रेडिओ" ऐकू आलं. चाल लष्करी ठेवली.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने हटकलं. म्हणाला, काका, काठीवाले एक आजोबा तुम्ही अजून इथेच राहता का विचारत होते, सांगितलं मी. मी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. डोळे लाल होते त्याचे. म्हणजे हाही घेतो. बोललो नाही, ज्याचं त्याचं.

त्याने शर्ट दिला. नुकताच इस्त्री केलेला, गरम. घडीसकट छातीशी धरला. आणि काय झालं कळेना, तिथेच उभा राहिलो. कापडाचा वास आला. कितीतरी वर्षांत वास असा आला नव्हता. लाँड्रीवाला म्हणाला, काका, काही विसरलं का? विसरलं काही नव्हतं. बरं वाटत होतं, विनाकारण.

हे डॉक्टरबाईंना सांगण्यासारखं नाही. शर्टाने कुणी बरं होत नसतं.

१९ फेब्रुवारी

ही येणार म्हणून घर आवरायला काढलं. माळ्यावर वडिलांच्या वेळचा एक सेट आहे, नुसतं लाकडी खोकं, आतला स्पीकर कधीच काढलाय. पुसायला म्हणून मागची पाटी उघडली. स्पीकरच्या जागी बाटली. सीलबंद.

पार विसरून गेलो होतो. शपथेवर सांगतो. पाटीचे चारही स्क्रू नुकतेच तेल दिल्यासारखे सहज निघाले, एवढंच जरा चमत्कारिक.

ओतून टाकणार होतो. मोरीपर्यंत गेलोही. मग विचार केला.

वडिलांचा नियम होता: दुरुस्त केलेला सेट तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. टेबलावर दिवसभर चालू ठेवायचा. तापू दे, दमू दे. संध्याकाळपर्यंत नीट वाजला तर खरा. मी आयुष्यभर हेच केलं, म्हणून माझ्याकडचा माल परत आला नाही. मग हिला मी माझा सेट न तपासताच द्यायचा? चोवीस तारखेला ही येईल, पंचवीसला कुणीतरी बाटली घेऊन दार वाजवेल, आणि तेव्हा कळणार का, की सेट कच्चा होता?

ही तर फसवणूक झाली. बाटली ठेवली. चाचणीसाठी. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की घरात ठेवू नका. ते सर्वसाधारण पेशंटला ठीक आहे.

२१ फेब्रुवारी

बाटली टेबलावर. मी समोर. फक्त पाहायचं. उत्तम पार पडलं. घाम आला, पण उकडत होतंच.

भिंतीतलं बोट आता दाराशी घासतंय.

फोन वाजला, उचलला नाही. ज्याला बोलायचंय त्याने जिवंत होऊन यावं.

२३ फेब्रुवारी, सकाळ

उद्या ही येणार. आज मुख्य चाचणी. दिवसभर भरलेला ग्लास समोर, संध्याकाळी मोरीत ओतायचा, बाटली लाँड्रीच्या मागच्या कचऱ्यात. मग खिडक्या उघडायच्या. हिची खुर्ची पुसून ठेवली. फ्रिजही उघडला होता. थर्मोस्टॅटचा पॉइंट जळलेला, घासला, चालू झाला. इतके महिने ही सांगत होती. आली की दाखवीन. उद्या.

दुपार

ग्लास भरला. एक माझा. शेजारी दुसरा, मास्तरचा. त्याच्याशिवाय ही चाचणी खरी होत नाही, सेट ज्या घरात बिघडला तिथेच लावून पाहावा लागतो. त्याच्या ग्लासाला हात लावणार नाही. माझ्यालाही नाहीच.

रीडिंग: हात किंचित. घसा कोरडा. मन स्थिर.

कविता म्हटली. चौथ्या ओळीशी आवाज चिरकला.

थोड्या वेळाने

रीडिंग: मन स्थिर. म्हणजे स्थिरच आहे.

एक तांत्रिक मुद्दा. करंट वाहिल्याशिवाय लोड कळत नाही. नुसता समोर ठेवलेला ग्लास म्हणजे प्लग न लावता सेट तपासणं. हे सकाळी लक्षात यायला हवं होतं. फक्त ओठ ओले करायचे.

केले. काही नाही झालं. पाहा! काही नाही झालं!

संध्याकाळ

एकाच रीडिंगवर कुणी भरवसा ठेवत नाही. दुसरं घेतलं. तिसरं पहिल्या दोहोंच्या ताळ्यासाठी.

रिसेप्टर वाढलेत. नक्की वाढलेत. खोली कशी उजळली. हिची खुर्ची किती छान दिसते. डॉक्टरबाई महिने म्हणत होत्या, मी आठवड्यांत आणले.

घूंऽऽ.

ऐकू येतोय. अगदी तसाच. नारिंगी उजेड आत लागला. आता ती बाई गाईल. थांबलोय.

अजून घूंच.

नुसतं घूं. स्टेशन लागत नाही.

ग्लास रिकामा आहे. हे कधी झालं?

दिवे लागले

दारावर टकटक. दोन लांब, एक आखूड. मास्तरची खूण, शटरवर वाजवायचा ती.

उठलो नाही. बाटली खोक्यात सारली. स्क्रू हातातून पडले. पुन्हा टकटक. म्हटलं, जा बाबा, तुझा ग्लास भरून ठेवलाय, खिडकीतून घे.

बाहेरून म्हणाला, "रेडिओ, दार उघड, माझे पाय दुखतायत."

भुताचे पाय दुखत नाहीत. हे मला कुठेही वाचल्याचं आठवत नाही, पण तसं वाटलं. कडी काढली.

उंबऱ्यात मास्तर. काठी, वाळलेला चेहरा, बामचा वास.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, शंका आली की लिहा. म्हणून मी टेबलाशी येऊन लिहितोय. दार उघडं आहे. तो तिथेच उभा आहे.

विचारतोय, "काय लिहितोयस?"

म्हटलं, तू आहेस का ते.

"मग? आहे का?"

म्हटलं, तपासतोय. मास्तर असशील तर कवितेची चौथी ओळ सांग. माझ्या मेंदूत जी ओळ आहे तीच सांगितलीस तर तू माझ्या मेंदूतला. म्हणालो आणि मीच आधी म्हणून दाखवली, नावाडी न परते घरा.

त्याने काठी जमिनीवर आपटली. "दुसऱ्या ओळीतही घरा, चौथीतही घरा? असला कवी पाहिलायस का कुठे? शाळेत असतास तर अंगठे धरायला लावले असते. 'नावाडी विसावे जरा.' दमलाय बिचारा, म्हणून होडी बांधून पडलाय काठावर. मेला कुठे?"

नावाडी विसावे जरा.

हो. हीच. पण ही माझ्यात नव्हती. माझ्या सेटमध्ये हे स्टेशन नव्हतं. म्हणजे ते बाहेरून आलं.

म्हटलं, मास्तर, पण मी तुला पोचवून आलो. ऊन होतं. पायाची बोटं.

तो जवळ आला नाही, तिथूनच बोलला. म्हणाला, "तो शिंपी होता रे. बोटं मी झाकली. तुला उभं राहवत नव्हतं, तुझा हात मी धरला होता. तिथून परत आलो आणि दारू सोडली. मग तुझ्याकडे यायची भीती वाटायला लागली, म्हणून मुलाकडे निघून गेलो. तेवढं माझं चुकलं."

त्याच्या बोटांकडे पाहिलं. इतक्या वर्षांनंतर खडू कसा असेल? तरी पाहिलं.

म्हणजे शिंपी रागावलेला नाही. शिंपी येणारच नाही.

मास्तर म्हणतोय, वहिनींनी रडून फोन केला. म्हणाल्या, भावजी, त्यांच्या डोक्यात तुम्ही मेलेले आहात, फोनवर ऐकत नाहीत, समोर जाऊन उभे राहा. आणि आजची संध्याकाळ त्यांना एकटं सोडू नका, उद्यावर सगळं आहे.

त्या दिवशी रस्त्यात तू पाठ फिरवलीस तसा परत गेलो, म्हणतोय; आज सकाळी सहालाच निघालो होतो. बस वाटेत बंद पडली.

आता त्याची नजर टेबलावर आहे. मोकळा हात मी ग्लासापुढे आडवा धरलाय, पण ग्लास दोन आहेत आणि हात एक.

विचारतोय, "दुसरा कोणाचा?"

म्हटलं, तुझा.

फ्रिज चालू झाला. घूंऽऽ.

मग म्हणाला, "आत येऊ, की तुझं लिहून होईपर्यंत इथेच उभा राहू?"

लिहून झालं.